समासातलं 'खोटं'

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची प्रत. वर खाकी कव्हर, कण्यावर शाईनं घातलेला नोंद क्रमांक, शेवटच्या पानाला डकवलेली तारखांची चिठ्ठी. कादंबरी अलीकडची, लेखिकेची, बऱ्यापैकी वाखाणली गेलेली. सत्तेचाळिसाव्या पानावर नायिका सकाळी ज्वारीचं पीठ मळून ठेवते, नोकरीवर जाते आणि संध्याकाळी दमून आल्यावर त्याच पिठाच्या भाकरी थापता थापता तिला आई आठवते. आठवणीचा परिच्छेद चांगला उतरलाय. पण त्याच्या आधीच्या ओळीशेजारी समासात कुणीतरी पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलाय, 'खोटं'. उद्गारचिन्ह नाही, खाली रेघ नाही. अक्षर गोल, पाटीवर घोटून बसलेलं. पुस्तकावर लिहू नये हे ठाऊक असलेल्या माणसानं, न राहवून, शक्य तितकं लहान लिहावं तसं.

तो शब्द डोक्यातून जात नाही, कारण तो बरोबर आहे. गव्हाची कणीक मळून झाकून ठेवली तर मुरते, पोळी उलट मऊ होते. ज्वारीचं तसं नाही. गव्हाच्या पिठाला जो ताण असतो, तो ज्वारीत नसतोच. म्हणून कढत पाणी लागतं. त्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि तेवढ्यापुरतं पीठ एकमेकाला धरतं. हे धरणं टिकाऊ नसतं, म्हणून परातीत एका अंगाला कोरडं पीठ ठेवायचं, एका वेळी एकाच भाकरीपुरतं ओढून घ्यायचं, तळहाताच्या टाचेनं रगडायचं आणि लगेच थापायला घ्यायचं. दळण जुनं झालं असेल तर कढत पाण्यानंही भागत नाही, थापताना कडा फाटत जातात. तव्यावर टाकली की वरच्या अंगावर पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला की तडे जातात, आणि तडा गेलेली भाकरी फुगत नाही, वाफ निघून जाते. सकाळी मळलेला ज्वारीचा गोळा मराठवाड्याच्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबेल आणि थापायला घेतला की भुगा होईल. म्हणजे त्या पानावरच्या बाईनं भाकरी केलेलीच नाही. लेखिकेला आठवण सांगायची होती, त्यासाठी हात कशात तरी गुंतलेले हवे होते, आणि भाकरी हाताशी होती.

स्त्रियांनी लिहिलेल्या नव्या पुस्तकांबद्दल आपल्याकडे बोलताना 'भावविश्व' हा शब्द फार येतो. मलपृष्ठावर येतो, परीक्षणात येतो, प्रकाशन समारंभात अध्यक्षांच्या तोंडी येतो. स्त्रीचं भावविश्व उलगडणारी कादंबरी. मला हा शब्द नको वाटतो. त्यात बाईचं मन तेवढं शिल्लक राहतं. तिचे हात, तिचा वेळ, तिच्या पदराच्या गाठीतले पैसे सगळं गळून जातं. तिच्या मनात काय चाललंय हे तिच्या हातात काय चाललंय त्यावर पुष्कळसं अवलंबून असतं. भाकरी थापताना माणूस लांबचं आठवू शकत नाही, नजर तव्यावर ठेवावी लागते. लांबचं आठवतं ते तांदूळ निवडताना, शेंगा फोडताना, बसच्या खिडकीत. हा फरक ज्या लेखिकेला कळतो, तिच्या पानांत बाकीचंही खरं निघतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून दुकानात नवं पुस्तक हातात आलं की मलपृष्ठ सोडून द्यावं. साधारण एक तृतीयांश पुस्तक संपतं तिथं उघडावं आणि कुणीतरी काम करतंय असं पान सापडेपर्यंत चाळावं. स्वयंपाकच हवा असं नाही. फाइल, शिलाई, शस्त्रक्रिया, काहीही चालेल. त्या कामाला किती वेळ लागतो, ते कुठं बिघडतं आणि त्याचे पैसे कुणाकडून येतात, हे लिहिणारीला माहीत आहे का, एवढं बघावं. दहा मिनिटं पुरतात.

गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' हातात घेतली की मराठी वाचकाची पहिल्याच भागाच्या नावापाशी गंमत होते. भागाचं नाव 'पीठ'. हिंदीत ती पाठ, आपल्याला आधी परात दिसते. दुसरा भाग 'धूप', तिथंही आपल्या नाकाला आधी उदाचा वास येतो आणि मग ते ऊन आहे हे लक्षात येतं. नवरा वारल्यावर ऐंशीची आई घराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून पडून राहते आणि उठणार नाही म्हणते. म्हणता म्हणता तिचं 'नाही' हिंदीच्या उच्चारात 'नवी' होऊन बसतं. २०१८ साली आलेली ही कादंबरी डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादामुळे २०२२ सालचं आंतरराष्ट्रीय बुकर घेऊन आली, आणि मग अनेकांनी ती विकत घेऊन साठाव्या पानावर सोडली. सोडण्याचं कारण समजतं. पहिला भाग काही केल्या पुढे सरकत नाही, वाक्यं आपल्याच नादात फिरत राहतात. पण आई हलत नाही तर कादंबरी कशी हलणार? त्या पाठीमागे अख्खं घर चालूच आहे : चहा येतोय, ऊन सरकतंय, सून रीबॉकचे बूट घालून वावरतेय, दार उघडं आहे म्हणून कुणीही आत येतंय. ही पानं मोठ्यानं वाचावीत, निदान ओठ हलवून. साड्यांबद्दलची पानं तर मोठ्यानंच वाचायची आहेत, एकेक साडी घडी मोडून दाखवावी तशी. शेवटचा 'हद-सरहद' मात्र मला तितका पटला नाही. आई पाकिस्तानात जाते तिथून कादंबरी कामाकडून कल्पनेकडे वळते, फाळणीवर लिहिणारे लेखक सीमेवर येऊन उभे राहतात, आणि इतका वेळ जी म्हातारी कूस बदलायलाही किती वेळ घेते हे आपण बघत होतो ती एकदम फार मोठी होते. तिची पाठ मला जास्त खरी वाटली होती.

बानू मुश्ताक यांच्या कथा वाचताना पेन्सिल हातातच घ्यावी लागली नाही. मूळ कन्नड, दीपा भास्ती यांनी १९९० ते २०२३ या काळातल्या बारा कथा निवडून इंग्रजीत नेल्या, आणि 'हार्ट लॅम्प'ला २०२५ सालचं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. लेखिका कर्नाटकातल्या हासनच्या, पेशानं वकील. हासन आपल्यापासून लांब. पण उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते, आणि उमरगा-देगलूरकडच्या कितीतरी घरांत आजी अजून कन्नडातच रागावते. शिवाय या कथांतल्या माणसांच्या बोलण्याखाली दखनीचा जो सूर आहे तो औरंगपुऱ्यापासून नांदेडच्या चौकापर्यंत रोज कानावर पडतो. भास्ती यांनी कन्नड, उर्दू, अरबी शब्द तिरक्या टायपात टाकले नाहीत, त्यांना तळटिपा लावल्या नाहीत. इंग्रजी वाचकाला ते अडत असतील. मराठवाड्यातल्या वाचकाला तिथं पाऊल टेकायला जागा मिळते.

त्यातली 'लाल लुंगी' आधी वाचावी. उन्हाळ्याची सुट्टी, घरात जमलेली ढीगभर पोरं, त्यांच्या कालव्यानं डोकं उठलेली रझिया, आणि त्यातून निघालेला उपाय की सगळ्या मुलग्यांची सुंता एकदमच उरकून घ्यावी. गरिबाघरच्या पोरांची राख लावून, लाल लुंगी नेसवून, सामुदायिक, घरच्यांची डॉक्टरकडे. कुणाची जखम लवकर भरते, एवढ्यावर कथा उभी आहे. गरिबी-श्रीमंतीवर एक वाक्य न बोलता ती जखमेबद्दल बोलत राहते. त्यानंतर कफनाची गोष्ट. हजला निघालेल्या सधन बाईकडे गरीब यासीन बुआ साठवलेले पैसे देते : माझ्यासाठी झमझमच्या पाण्यात भिजवलेलं कफन आणा. खरेदीच्या धांदलीत ते राहून जातं. आपल्याकडे हजहून आलेल्या घरी खजूर, तसबी, जानमाज वाटताना कुणाचं काय आणायचं होतं याची यादी वाचली जाते, तिथं एखादं नाव गाळलं गेलं की खोलीत जे होतं ते या कथेत आहे, फक्त इथं वस्तू म्हणजे कफन आहे आणि मागणारी वारलेली आहे. बारा कथा एका बैठकीत वाचू नयेत. दिवसाला दोन खूप झाल्या. सलग वाचल्या की शेवटांचा साचा दिसू लागतो, एखाद्या कथेत वकीलबाई उठून युक्तिवाद करतात, रंग गडद होतात. शीर्षककथेतल्या मेहरूनच्या माहेरचे भाऊ तिला ज्या घाईनं परत नवऱ्याच्या दारात आणून सोडतात ती घाई अंगावर येते. शेवटी थोरली मुलगी धावत येते ते पान मात्र किंचित जास्त उजळलेलं वाटलं. तरीही दोन-तीन कथांसाठी हे पुस्तक घरात असावं.

माहेर या शब्दावरून अरुंधती रॉय यांचं २०२५ सालचं आईवरचं पुस्तक. त्यांच्या आई मेरी रॉय यांच्या खटल्यामागचा कायदा असा होता : त्रावणकोरच्या १९१६ सालच्या ख्रिस्ती वारसा कायद्यानुसार बाप मृत्युपत्र न करता गेला तर मुलीला मिळायचं ते मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी असेल ते. सख्ख्या भावाविरुद्ध त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९८६ साली जिंकल्या. ही हकिगत केरळची, पण ती वाचताना दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेरचा लिंब डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे कायदा मुलीच्या बाजूचाच आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून, देशभर २००५ पासून. आणि तरी लिंबाखाली बहिणी हक्कसोडपत्रावर सही करायला आलेल्या असतात, भावानं गाडी करून आणलेल्या, त्या दिवशी साडी-चोळी, पंक्तीला पुरणपोळी. सही केली नाही तर कायदा काही करत नाही, माहेर बंद होतं. रॉय यांचं पुस्तक मला याच ठिकाणी आवडलं की खटला जिंकणारी बाई घरात काही वेळा किती असह्य होती हे त्या लपवत नाहीत. दम्याचा झटका, कोट्टायमची शाळा, पोरांवरचा संताप, सगळं एकाच बाईचं. हक्कासाठी भांडणारी बाई आपल्या पुस्तकांत लगेच देवीच्या मखरात बसते. भांडून झाल्यावर ती घरी येऊन काय करते, कुणावर ओरडते, हे कुणी लिहीत नाही.

कविता महाजन यांनी लिहिलं होतं. त्या नांदेडच्या, १९६७चा जन्म. २०१८ साली गेल्या. त्यांची 'ब्र' ही कादंबरी येऊन वीस वर्षं झाली म्हणून तिला समकालीन म्हणू नये असं कुणी म्हणेल, पण सरपंचाच्या खुर्चीवर बसलेल्या बाईबद्दल इतकं पक्कं लिहिलेलं दुसरं पुस्तक माझ्या वाचण्यात नाही. आदिवासी पाड्यांत फिरणारी प्रफुल्ला, तिच्या बैठका, तिचे प्रवास, अहवाल, स्वयंसेवी संस्थेतली आतली राजकारणं. ब्र न काढणाऱ्या बायका तो कुठल्या मिनिटाला काढतात, त्याआधी त्या किती वेळा सतरंजीच्या कडेला बसून राहतात, हे बसून बघितल्याशिवाय लिहिता येत नाही. कादंबरी जागोजागी अहवालासारखी होते, हा तिचा दोष सगळे सांगतात. मला तो दोष वाटत नाही. ग्रामपंचायतीत जाऊन बसलेली बाई आधी कागदांशीच झुंजते.

ॲनी एर्नो यांच्या आईवरच्या लहानशा पुस्तकातली एक गोष्ट सोडवत नाही. नॉर्मंडीतल्या एका गावात आई किराणा आणि कॅफे चालवते; दिवसभर बटाटे आणि दूध विकते, ते मुलीला कॉलेजात बसून प्लेटोवरचं व्याख्यान ऐकता यावं म्हणून. एर्नो अशा ठिकाणी एकही विशेषण वापरत नाहीत. छत्रपती संभाजीनगरच्या वसतिगृहांमधल्या कितीतरी खोल्यांत हेच वाक्य वेगळ्या मालासह सांगता येईल.

या मापाबद्दल मनात एक शंका मात्र कायम राहते. बायकांनी लिहिलेलं पुस्तक आलं की त्यात भाकरी बरोबर आहे का हे बघायचं, म्हणजे लेखिकेला पुन्हा चुलीपाशीच नेऊन बसवायचं का? पुरुषाच्या कादंबरीत नांगरट चुकली तर कुणी समासात लिहितं का? लिहायला हवं, असं माझं उत्तर आहे, पण शंका त्यानं पूर्ण फिटत नाही. समंथा हार्वे यांची 'ऑर्बिटल' त्यासाठी वाचावी. २०२४ सालचं बुकर. अंतराळस्थानकात सहा माणसं, एकच दिवस, त्या दिवसात पृथ्वीला सोळा प्रदक्षिणा. इथं चूल नाही. पण व्यायामाच्या यंत्राला स्वतःला बांधून घेणं आहे, उंदरांवरचे प्रयोग आहेत, तरंगणाऱ्या वस्तू आवरणं आहे. आणि चिए या जपानी अंतराळवीराची आई खाली वारते, तिला जाता येत नाही, ती पुढचं काम करत राहते. घरात सुतक असताना हात कामात असणं काय असतं ते बाईला जमिनीवर कळतं तसंच तिथं कळतं. वाक्यं सुंदर आहेत, थोडी जास्तच. अर्ध्यावर पृथ्वीच्या वर्णनांनी मला दमवलं. तरी लेखिकेनं त्या यंत्रांचा अभ्यास केलाय याची खात्री पानापानावर पटते.

तसं पाहिलं तर आपल्याकडे हे नवं नाहीच. गंगाखेडच्या जनाबाईकडे देव येतो तो दळू लागायला, केर भरू लागायला. देवगावात जन्मलेल्या, शिऊरला नांदलेल्या बहिणाबाईंनी सतराव्या शतकात आपलं चरित्र अभंगांत सांगितलं, त्यात नवऱ्याचा मारही सांगितला. काम आणि मार दोन्ही नाव घेऊन सांगण्याची रीत इथली जुनी आहे. अनुराधा पाटलांची कविता या मापात बसत नाही, तिच्यात काम जवळजवळ दिसतच नाही, नुसती काम संपल्यानंतरची शांतता असते. आणि तरी 'कदाचित अजूनही' मी पुन्हा पुन्हा काढते. तेव्हा माप माझं आहे, सगळ्यांना लावावं असा हट्ट नाही.

एक पुस्तक अजून हाती आलेलं नाही, त्याची वाट मी बघते आहे.

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजतात. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, त्या एका कोयत्यावर, बहुतेक वेळा नवऱ्याच्या हाती. बाई पहाटे कोपीत, म्हणजे तात्पुरत्या खोपटात, उठून दोन्ही वेळच्या भाकरी करते, दिवसभर ऊस साळते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवते. पाळी आली तर थांबता येत नाही, खाडा झाला तर पैसे कापले जातात. २०१९ साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांकडे चौकशी केली तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. आकडे छापून आले, त्यांवर लेख आले, बाहेरून येऊन केलेल्या बातम्या आल्या. ती मोळी जिनं स्वतः डोक्यावर घेतली तिनं, किंवा तिच्या शिकलेल्या मुलीनं, लिहिलेली कादंबरी मला वाचायची आहे. चुंबळ कुठं रुतते, फळीवर पाऊल कसं टाकायचं, मागून मुकादम काय बोलतो. तिच्या समासात कुणी काही लिहू शकणार नाही.

परत त्या खाकी कव्हराच्या प्रतीकडे. पेन्सिल पुढच्या शंभर पानांत कुठंच नाही. मला वाटलं होतं वाचणारीनं तिथंच पुस्तक मिटलं असेल. (बाईच असेल असं मी धरून चालते, भाकरी येणारे पुरुषही आहेत.) पण एकशे त्रेसष्टाव्या पानावर पुन्हा खूण आहे. तिथं नायिका गावी, आईच्या घरी आहे. सगळ्यांच्या भाकरी झाल्यावर आई परातीला लागलेलं पीठ बोटांनी खरवडून गोळा करते आणि त्याची चानकी करते. शेवटच्या पिठात पाणी जास्त झालेलं असतं, म्हणून ती जाड राहते, मधे किंचित कच्ची. विस्तवाच्या कडेला उभी करून ठेवावी लागते. आई ती नातवाच्या हातात देते आणि परात पालथी घालते. लेखिकेला हे ठाऊक होतं तर.

समासात शब्द नाही. उभी रेघ आहे, एकीवर एक दोनदा ओढलेली, इतकी दाबून की पान उलटल्यावर पाठच्या बाजूला बोटाला लागते. तारखांच्या चिठ्ठीवर पाच शिक्के आहेत.